विश्लेषण : रंध्यावर नाव ‘बेली’, मग बनवणारा कोण? लिओनार्ड बेली यांची कहाणी आणि जुना रंधा ओळखण्याची रीत

जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन विक्रीच्या फोटोंत दिसणाऱ्या अनेक लोखंडी रंध्यांच्या पुढच्या टोकावर ‘बेली’ हे नाव ठसठशीत अक्षरांत ओतलेले असते. त्यामुळे रंधा बेली नावाच्या कारागिराने किंवा कंपनीने बनवला, असा समज होणे साहजिक आहे. पण टोकावर असे नाव ओतलेले अमेरिकी रंधे बाजारात येऊ लागले तेव्हा लिओनार्ड बेली ७७ वर्षांचे होते आणि त्या कारखान्याशी त्यांचा कामाचा संबंध उरला नव्हता. हाताने वापरायच्या लोखंडी रंध्याची आजची रचना ज्यांनी घडवली, त्यांचे नावच दुसऱ्याच्या मालाची ओळख कसे बनले? आणि जुना रंधा हाती आला तर त्याचा खरा निर्माता कसा ओळखायचा?

पूर्वी रंध्याचा निर्माता कसा ओळखत?

लोखंडी रंध्याच्या आधी लाकडी रंध्याचा काळ होता. लाकडाचा ठोकळा, त्यात तिरकी खाच, खाचेत पाते आणि पाते घट्ट बसवणारी लाकडी पाचर, एवढाच त्याचा संसार. असा रंधा बनवणारे कारागीर ठोकळ्याच्या पुढच्या टोकावर, लाकडाच्या आडव्या छेदावर आपल्या नावाचा शिक्का ठोकत. शिक्का वाचता आला की निर्माता कळे.

या शिक्क्यांची किंमत अमेरिकेतील एका उदाहरणावरून लक्षात येते. मॅसॅच्युसेट्समधील रेंथम गावचे फ्रान्सिस निकोलसन हे तिथल्या सुरुवातीच्या रंधाकारांपैकी एक. सीझर चेलर हे त्यांच्या मालकीचे गुलाम होते आणि रंधे बनवण्यात तरबेज होते. १७५३ मध्ये निकोलसन वारले आणि त्यांच्या मृत्युपत्राने चेलर मुक्त झाले. पुढे १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्वतःच्या नावाचा आणि गावाचा शिक्का मारून रंधे बनवत राहिले. त्या काळातील गुलामांच्या कामावर सहसा त्यांचे नाव नसे. चेलर यांचे नाव मात्र लाकडावरच्या त्या शिक्क्यामुळे संग्रहालयांपर्यंत पोहोचले.

लाकडी रंध्यावरचे नाव बहुधा बनवणाऱ्याचे असे. (कधी विक्रेतेही आपला शिक्का मारून घेत.) लोखंडी रंधे आले, कारखाने आले, पेटंट आली आणि हे सोपे गणित बिघडले.

लिओनार्ड बेली कोण होते?

बेली यांचा जन्म १८२५ चा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हॉलिस गावचा. पुढे ते मॅसॅच्युसेट्समध्ये विंचेस्टर येथे राहू लागले आणि लाकूडकामाच्या व्यवसायात स्थिरावले. रंध्याची अडचण त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होती.

लाकडी रंध्याचे पाते किती बाहेर ठेवायचे, हे हातोडीच्या ठोक्यांवर ठरत असे. पात्याच्या वरच्या टोकावर हलका ठोका दिला की पाते खाली सरके. जास्त सरकले तर ठोकळ्यावर ठोका देऊन ते मागे घ्यायचे आणि पाचर पुन्हा घट्ट करायची. सरावलेला सुतार हे काही क्षणांत करतो, पण त्यासाठी वर्षांचा हात लागतो. शिवाय लाकूड ऋतूनुसार फुगते आणि आकसते, तळ झिजतो, पात्यापुढची फट रुंदावते.

ओतीव लोखंडाचा रंधा ही कल्पना बेली यांची नव्हे. कनेक्टिकटमधील हॅझर्ड नोल्स यांना अशा रंध्याचे पेटंट १८२७ मध्येच मिळाले होते. पण रंध्याचे अंग लोखंडाचे केले तरी पात्याचा प्रश्न तसाच होता. बेली यांनी नेमका तो हातात घेतला.

त्यांनी नेमके काय शोधले?

बेली यांचे पहिले महत्त्वाचे पेटंट ऑगस्ट १८५५ चे. ते लाकडाचा पृष्ठभाग खरवडून गुळगुळीत करणाऱ्या स्क्रेपरचे होते. त्यानंतर एक तपभर ते रंध्याच्या वेगवेगळ्या रचना करून पाहत राहिले. त्यातले काही प्रयोग मागे पडले, काही टिकले. जे टिकले त्याचे तीन भाग सांगता येतात.

पहिला भाग पाते दाबून धरण्याचा. लाकडी पाचरीऐवजी त्यांनी धातूची टोपी आणली. तिला ‘लिव्हर कॅप’ म्हणतात. टोपीच्या वरच्या टोकाचा खटका खाली पाडला की पाते आवळले जाते, वर उचलला की मोकळे होते. हातोडी लागत नाही. या कल्पनेचे पेटंट ३१ ऑगस्ट १८५८ चे आहे.

दुसरा भाग पाते खाली-वर करण्याचा. पात्यामागे एक आडवा स्क्रू, त्यावर फिरणारे पितळी चाक आणि चाकाच्या खाचेत अडकलेली इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची छोटी तरफ अशी ही रचना आहे. चाक फिरवले की ते स्क्रूवर पुढे-मागे सरकते, तरफ कलते आणि तिचे दुसरे टोक पाते खाली किंवा वर नेते. बोटाने चाक थोडे फिरवले की छिलका जाड किंवा पातळ होतो. तेही पाते न सोडवता, रंधा हातात असतानाच. हे पेटंट ६ ऑगस्ट १८६७ चे आहे.

तिसरा भाग पात्याचा. लाकडी रंध्याचे पाते जाडजूड आणि एका टोकाला निमुळते असे. बेली यांच्या रंध्यात पातळ, सर्वत्र सारख्या जाडीचे पोलादी पाते वापरले गेले. त्याला धार लावायला कमी वेळ लागतो आणि पोलादही कमी लागते. पातळ पाते थरथरू नये म्हणून त्यावर दुसरी पट्टी बसते आणि वरून लिव्हर कॅपचा दाब येतो.

हे तीन भाग एकत्र आले आणि रंधा ‘लावणे’ हे काम हाताच्या अंदाजाकडून यंत्राच्या मोजमापाकडे सरकले. शिकाऊ माणूसही पहिल्या दिवसापासून बऱ्यापैकी पातळ छिलका काढू शकेल, ही या बदलाची खरी ताकद होती.

स्टॅनली कंपनी यात कशी आली?

१८६० च्या दशकात बेली बोस्टनमध्ये रंधे बनवत होते. दशकाच्या अखेरीस ‘बेली, चेनी अँड कंपनी’ ही भागीदारीही झाली. रंधा उत्तम होता, पण तो मोठ्या प्रमाणावर बनवून देशभर विकायला लागणारा पसारा त्यांच्याकडे नव्हता.

तो पसारा कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन शहरातील ‘स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनी’कडे होता. १८५७ मध्ये उभी राहिलेली ही कंपनी मोजपट्ट्या आणि पाणसळी बनवत असे. तिच्याकडे दुकानदारांचे जाळे तयार होते आणि तिला विकायला नवा माल हवा होता. १८६९ मध्ये करार झाला. बेली यांची पेटंट आणि रंध्याचा धंदा स्टॅनलीकडे गेला, बेली यांना विक्रीवर रॉयल्टी ठरली आणि ते स्वतः न्यू ब्रिटनला येऊन कामावर देखरेख करू लागले.

रंध्यांची क्रमांकपद्धतीही याच घराण्याची. १ क्रमांकाचा रंधा जेमतेम साडेपाच इंचांचा, ४ क्रमांकाचा ९ इंचांचा, ५ क्रमांकाचा १४ इंचांचा आणि ८ क्रमांकाचा २४ इंचांचा. लोखंडी रंध्याची सवय नसलेल्यांसाठी खाली लाकूड आणि वर बेली यांची धातूची यंत्रणा असे मिश्र रंधेही काढले गेले.

मग बिनसले का?

शोधक आणि कारखानदार यांच्यातील जुनाच पेच इथे उभा राहिला. बेली यांना रॉयल्टी मिळायची ती त्यांच्या पेटंटवर. कारखान्यात मात्र इतर शोधकही होते. त्यांतले जस्टस ट्रॉट हे पुढे स्टॅनलीचे सर्वांत महत्त्वाचे शोधक ठरले. कंपनी जितकी इतरांच्या रचनांकडे वळेल, तितके बेली यांचे महत्त्व आणि उत्पन्न कमी होणार होते. १८७० च्या दशकाच्या मध्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

बेली जवळच्याच हार्टफर्ड शहरात गेले आणि त्यांनी ‘लिओनार्ड बेली अँड कंपनी’च्या नावाने ‘व्हिक्टर’ रंधे काढले. आता अडचण अशी की रंध्याच्या यंत्रणेवरचे त्यांचे सर्वांत चांगले विचार त्यांनीच विकून टाकले होते. पाते खाली-वर करण्याची नवी तऱ्हा शोधायची, पण ती जुन्या पेटंटच्या हद्दीत जाता कामा नये. स्वतःच घातलेल्या कुंपणाबाहेर राहून त्यांना तेच शेत पुन्हा पिकवायचे होते. स्टॅनलीने पेटंटभंगाचा दावा केला आणि प्रकरण कनेक्टिकटच्या न्यायालयात गेले.

व्हिक्टर रंध्यांमध्ये कल्पकता भरपूर होती. लवचिक पोलादी तळ असलेला, खोलगट आणि फुगीर अशा दोन्ही वळणांवर चालणारा २० क्रमांकाचा रंधा त्यातलाच. पण बाजारात टिकाव लागला नाही. १८८० मध्ये स्टॅनली व्हिक्टर रंध्यांची विक्रेती झाली आणि १८८४ मध्ये तो धंदाही तिच्याच ताब्यात गेला. १८६७ च्या पेटंटची १७ वर्षांची मुदत संपली तीही याच १८८४ मध्ये.

त्यानंतर बेली कॉपिंग प्रेसच्या धंद्यात राहिले. कार्बन पेपर आणि टाइपरायटर सर्रास होण्यापूर्वी पत्राची प्रत काढायला हे यंत्र वापरत. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून स्क्रूने दाबला की अक्षरे त्यावर उमटत. १९०५ मध्ये बेली यांचे निधन झाले.

‘बेली’ नावाची दुसरी कंपनी कोणती?

निर्माता ओळखताना हमखास गोंधळ करणारा हा मुद्दा आहे. ऱ्होड आयलंड राज्यातील वूनसॉकेट येथे ‘बेली टूल कंपनी’ होती. कपडे पिळण्याची यंत्रे बनवणाऱ्या उद्योगातून ती निघाली होती. तिचे रंधे ‘डिफायन्स’ आणि ‘बॅटल ॲक्स’ या नावांनी विकले जात. लिओनार्ड बेली यांच्याशी तिचा संबंध नव्हता, आडनावाची गाठ होती इतकेच. १८८० मध्ये ही कंपनीही स्टॅनलीने घेतली.

गंमत पुढे आहे. अनेक दशकांनी, १९३० च्या सुमारास स्टॅनलीने घरगुती गिऱ्हाइकांसाठी स्वस्त रंधे काढले, तेव्हा त्यांना ‘डिफायन्स’ आणि ‘व्हिक्टर’ हीच नावे दिली. एकेकाळच्या स्पर्धकांची नावे त्यांना हरवणाऱ्या कंपनीच्या स्वस्त मालावर आली. त्यामुळे ‘व्हिक्टर’ दिसले की बेली यांच्या हातचा रंधा मिळाला, असे समजू नये. रचना आणि गावाचे नाव पाहावेच लागते.

मग रंध्यावर ‘बेली’ हे नाव का आले?

सुरुवातीच्या स्टॅनली रंध्यांवर बेली यांचे नाव होते, पण बारीक अक्षरांत. पितळी चाकावर त्यांच्या पेटंटचा उल्लेख आणि १८५८ व १८६७ च्या तारखा कोरलेल्या असत. तो कायदेशीर इशारा होता. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कारखान्यांनी तशाच रचनेचे रंधे काढले. रचना सर्वांना मोकळी झाली, तेव्हा वेगळेपण सांगायला नाव उरले. १९०२ पासून स्टॅनलीने ते रंध्याच्या बिडातच ओतायला सुरुवात केली. बेली तेव्हा हयात होते.

यातून ओळखीचा पहिला नियम निघतो. अमेरिकी लोखंडी रंध्याच्या पुढच्या टोकावर ‘बेली’ हे नाव ओतलेले असेल, तर तो स्टॅनलीचा आणि १९०२ नंतरचा असण्याची शक्यता सर्वाधिक. खुद्द बेली यांच्या कारखान्यातील रंधा हवा असेल, तर बोस्टनच्या काळातील किंवा हार्टफर्डच्या व्हिक्टर काळातील खुणा शोधाव्या लागतात.

जुना रंधा हाती आला तर काय पाहावे?

स्टॅनली-बेली रंध्यात दशकानुदशके बारीक बदल होत गेले. रॉजर के. स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे टप्पे पाडून ठेवले आहेत. सामान्य वाचकाला पुढील खुणा पुरेशा ठरतात.

• पाते तिरके-सरळ करणारी तरफ : पात्यामागे डावी-उजवीकडे हलणारी उभी तरफ नसेल, तर रंधा १८८० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असू शकतो. ही सुधारणा बेली यांची नाही. तिचे पेटंट २१ ऑक्टोबर १८८४ चे, ट्रॉट यांच्या काळातले.

• तळावरील पेटंटच्या तारखा : पात्यामागच्या भागात मार्च आणि ऑगस्ट १९०२ अशा दोनच तारखा असतील तर रंधा १९०२ ते १९१० च्या दरम्यानचा. त्यांना एप्रिल १९१० ही तिसरी तारीख जोडलेली असेल तर तो साधारण १९१० ते १९१८ चा.

• पात्यावरचे हृदयाचे चिन्ह : १९२० मध्ये ‘स्टॅनली रूल अँड लेव्हल’ ही ‘स्टॅनली वर्क्स’मध्ये विलीन झाली. त्यानंतरच्या पात्यांवर हृदयाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे दिसतात. स्टॅनली वर्क्सचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावावरचा हा श्लेष. हे चिन्ह १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले.

• लिव्हर कॅप : टोपीवर ‘स्टॅनली’ नाव ओतलेले असेल तर रंधा १९२० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. टोपीचे भोक किल्लीच्या भोकासारखे असेल तर साधारण १९३३ पूर्वीचा, मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल तर त्यानंतरचा.

• पितळेची गैरहजेरी : चाक पितळेऐवजी पोलादाचे किंवा कडक रबराचे असेल तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला असू शकतो. तेव्हा पितळ युद्धकामी लागत होते.

• क्रमांकाची तऱ्हा : ४ ऐवजी ०४ असे लिहिले असेल तर शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’कडे बोट जाते. ४०९ किंवा ४१४ असेल तर न्यू हेवनच्या ‘सार्जंट’कडे. शेवटचे दोन अंक तिथे इंचांतील लांबी सांगतात. ‘मिलर्स फॉल्स’चा ९ क्रमांकाचा रंधा म्हणजे स्टॅनलीचा ४ क्रमांकाचा. तिथेही आकडा लांबीचाच.

फसगत कुठे होते?

पहिली चूक पेटंटच्या तारखेला जन्मतारीख समजण्याची. तारीख एवढेच सांगते की रंधा त्यापूर्वीचा नाही. वर १९०२ ची तारीख असलेला रंधा १९१५ चाही असू शकतो. अनेक तारखा असतील तर सर्वांत अलीकडची धरावी.

दुसरी चूक केवळ पाते पाहून निर्णय घेण्याची. पाते झिजते, बदलले जाते, भावाच्या रंध्यातून याच्या रंध्यात येते. खटक्याची टोपी, मूठ, पितळी चाक हेही बदलता येते. त्यामुळे आधी अंगाचे ओतकाम, मग पात्याची बैठक आणि शेवटी पाते असा क्रम ठेवावा. तिघांची साक्ष जुळली तर रंधा मूळचा आहे असे मानायला आधार मिळतो. न जुळली तरी काम करायला तो चांगला असू शकतो, फक्त संग्राहकाचा भाव देऊ नये. १ क्रमांकाच्या इवल्याशा रंध्याला संग्राहक मोठी किंमत देतात, तिथे ही तपासणी अधिक काटेकोर हवी.

तिसरी चूक रंगावरून निर्माता ठरवण्याची. रेकॉर्डचे रंधे निळे म्हणून ओळखले जातात, पण स्टॅनलीनेही पुढे निळा रंग वापरला. रंग पुन्हा देता येतो, ओतलेली अक्षरे बदलणे अवघड.

चौथी चूक घासण्याची घाई. सँडपेपर किंवा ग्राइंडर लावला की गंजाबरोबर बारीक अक्षरेही जातात. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढावी, थोडे तेल लावावे आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरून फोटो काढावा. सावलीमुळे पुसट अक्षरे वर येतात.

आज बेली यांचे काय उरले आहे?

पाचरीचा लाकडी रंधा महाराष्ट्रातील सुतारांनी सोडलेला नाही आणि इलेक्ट्रिक रंध्याने दोघांचेही बरेच काम घेतले आहे. तरीही आयटीआयच्या कार्यशाळेत किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लोखंडी रंधा उघडून पाहिला, तर आत १८६७ च्या पेटंटमधली मांडणी सापडते : आडवा स्क्रू, त्यावरचे चाक, वायच्या आकाराची तरफ, वर खटक्याची टोपी. त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो, ४ आणि ५ हे क्रमांकही बहुधा तेच असतात.

लाकडी रंध्यावरच्या शिक्क्यात सहसा बनवणाऱ्याचे नाव असे. बेली यांच्या बाबतीत नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा आणि तिरके पाते सरळ करणारी तरफ तिसऱ्याची, असे झाले. म्हणून जुना रंधा ओळखताना प्रश्न दोन विचारावेत. हा कोणी बनवला, हा पहिला. त्याचे उत्तर ओतकाम, तारखा आणि क्रमांक देतात. हा कोणी सुचवला, हा दुसरा. त्याचे उत्तर पितळी चाक फिरवले की मिळते.